दिलीपच्या तारेत दोष नाही

जामबाग, हैदराबाद
१८ जून २०००

प्रिय आबा,

पाया पडते. आणि पडून झालं की भांडणार आहे, तेव्हा आधी नीट बसून घ्या. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, खोकला आल्याचं निमित्त करून रिसीव्हर आईच्या हातात देता. कागदावर ते जमणार नाही.

प्रतापरावांनी तुम्हाला काय सांगितलं असेल ते मला तोंडपाठ आहे. पोरगी हुशार, पण चार बटणं दाबता आली आणि हौली झाली, डोकं फिरलं. त्यांच्या इंटरनेट कंपनीतली नोकरी त्यांनी दिली, तुमच्या शब्दाखातर दिली, हे खरं. आता पुढचं माझ्याकडून ऐका.

अफझलगंजला पद्मावतीबाई म्हणून आमच्या एक ग्राहक आहेत. नवरा गेल्यावर त्यांनी घरातच दोन कॉम्प्युटर मांडले. अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांची माहिती बोलून ठेवतात. बाई आणि त्यांच्या दोघी भाच्या ती ऐकून टाइप करतात आणि इंटरनेटवरून परत पाठवतात. ठरल्या वेळेत गेली नाही तर काम दुसऱ्याकडे. मार्चपासून त्यांच्या फाइली अर्ध्या वाटेत अडकायला लागल्या. बाई परेशान होऊन आबिड्सच्या आमच्या ऑफिसात यायच्या आणि प्रतापराव दर वेळी एकच सांगायचे, "तुमची टेलिफोनची लाइन खराब आहे." टेलिफोन खात्याचा लाइनमन दिलीप तीनदा जाऊन आला, घरापर्यंतची तार नवी टाकली. तरी तेच. मग प्रतापरावांनी दिलीपवरच तक्रार लिहायला घेतली, की हा कामचुकार आहे, लाइन मुद्दाम बिघडवून ठेवतो. आणि त्याला जोडायचा तांत्रिक अहवाल मी लिहायचा.

न बघता कसा लिहू? दिलीपला घेऊन मी अफझलगंजला गेले. जिना चढतानाच तो म्हणाला, "आबासाब की बेटी हो ना तुम? तार में कुच बी नहीं है बहेन, उनो खाली मेरे पे डालरे." प्रतापराव उगाच आपल्यावर ढकलतात, असं त्याचं म्हणणं.

तुम्ही लाइनमन होतात तेव्हा मला सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचात. एकेका खांबावर चढून तारेला फोन जोडायचात, कानाला लावायचात आणि वरूनच ओरडायचात, "इथवर आवाज आहे गं!" मग पुढचा खांब. मी तेच केलं, फक्त खुर्चीत बसून. काळ्या पडद्यावर 'पिंग' लिहून आमच्या आबिड्सच्या सर्व्हरला हाका मारल्या. शंभर हाका, शंभर उत्तरं. म्हणजे बाईंच्या घरापासून आमच्या ऑफिसपर्यंत तार चोख. अमेरिकेतल्या मशीनला हाका मारल्या, तर शंभरातल्या चाळीस हरवल्या. मग 'ट्रेसर्ट' चालवलं. ती आज्ञा वाटेतला एकेक मुक्काम ओळीनं दाखवते. पहिला ठीक, दुसरा ठीक, तिसऱ्यापासून आकड्यांच्या जागी चांदण्या, म्हणजे उत्तर आलं नाही. एकटा तिसराच गप्प असता तर मी मनावर घेतलं नसतं, काही यंत्रं उत्तरच देत नाहीत. पण तिथून पुढे सगळीकडे गळती होती. आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला रस्ता कुणाचा? आमच्याच कंपनीचा, हैदराबादहून मुंबईला जाणारा.

मी घाई केली नाही आबा. चार दिवस, तीन ग्राहकांच्या घरून, सकाळी सहाला, अकराला आणि दुपारी चारला तपासलं. सहाला एकही हाक हरवत नव्हती. अकराला गिऱ्हाइकं कामाला लागली की गळती सुरू. म्हणजे यंत्रही बिघडलं नव्हतं. दोनशे माणसांच्या रस्त्यावर आम्ही नऊशे माणसं सोडली होती आणि खापर दिलीपवर फोडत होतो.

छापलेले कागद मी प्रतापरावांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते उलटूनही पाहिले नाहीत. म्हणाले, "त्रिवेणी, तू कुणाच्या बाजूची?"

"कंपनीच्याच. म्हणून तर कंपनीला आधी सांगतेय."

त्यांनी दिलीपविरुद्धचा तयार अहवाल माझ्यापुढे सरकवला. नुसती सही कर म्हणाले. मी मोठी शूर आहे असं समजू नका. पण सही केली नाही. त्याच दुपारी खरा अहवाल लिहून एक प्रत मुंबईच्या मुख्य ऑफिसला पाठवली, एक पद्मावतीबाईंना दिली. दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं.

नऊ तारखेला, शुक्रवारी, बाई आणखी अकरा ग्राहकांना घेऊन ऑफिसात गेल्या. माझ्याकडून शिकलेली आज्ञा त्यांनी प्रतापरावांच्याच कॉम्प्युटरवर, त्यांच्याच खुर्चीत बसून चालवून दाखवली. त्या बाईला इतक्या मोठ्यानं बोलताना पहिल्यांदा ऐकलं, असं दिलीप सांगत होता. त्याच्यावरची तक्रार मागे घेतली गेली. मुंबईची जादा लाइन मंजूर झाली. मला मात्र निरोप आला: लेखी माफी माग, मग परत ये.

आणि काल तुमचं पाकीट आलं. वाटलं, आईनं काही लिहिलं असेल. आत तुमच्या हातचा माफीनामा. माझ्या नावानं लिहिलेला, फक्त सहीपुरती जागा मोकळी. 'अननुभवामुळे माझ्याकडून चूक झाली.' मी तो चार वेळा वाचला. प्रतापरावांपुढे तुमची मान खाली जाते, माझ्या लग्नाची बोलणी चालू आहेत, सगळं कळतं मला. रागवा, महिनाभर बोलू नका, बोलणी मोडायची तर मोडू देत. पण चूक झालेली नाही, आणि झाली असं मी लिहून देणार नाही. माफीनामा सोबत परत पाठवते आहे. तुमचं अक्षर आहे म्हणून फाडला नाही. सहीची जागा मात्र मोकळीच आहे.

तुमच्यावर रागावलेली, तरी तुमचीच,
त्रिवेणी