भिंतीचा पहिला गोल

माझ्या आडमुठ्या भावा,

एकोणीस वर्षं एकाच क्लबच्या बचावफळीत उभा राहिलास, लोकांनी कौतुकानं तुला ‘भिंत’ म्हटलं, आणि शेवटचा सामना झाल्यावर मावशीकडे तोंड लपवून बसलास. उद्याच्या निरोप समारंभाला येणार नाही म्हणे! शोभतं का?

मान्य, आयुष्यातला एकुलता एक गोल तू आपल्याच जाळीत मारलास आणि त्यामुळे आपण हरलो. पण तू गवतात तोंड खुपसून पडला होतास, म्हणून पुढचं तुला दिसलं नाही. मी गॅलरीतच होते. सगळ्यांनी आधी कपाळावर हात मारला. मग माझ्या शेजारचा न्हावी, जो घरचं लग्न चुकवेल पण तुझा सामना चुकवणार नाही, उठून ओरडला, “घातला! भिंतीनं गोल घातला एकदाचा!” आणि अख्खी गॅलरी टाळ्या वाजवत उभी राहिली.

तुला वाटलं, हुर्यो उडवतायत. गाढवा, न्हावी रडत होता. मला म्हणाला, “एकोणीस वर्षं वाट बघितली, ताई. कुठल्या बाजूला गेला ते आता कोण बघतंय!”

सामना जिंकून देणाऱ्यांनाही असलं प्रेम मिळालेलं मी पाहिलं नाही. माझी मान अशी ताठ झाली की अजून दुखतेय.

हे पत्र टाकणार नाही. वाचलंस तर माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटशील. फोनवर एवढंच सांगेन, की उद्या पाचपर्यंत आला नाहीस तर न्हाव्याला मावशीचा पत्ता देईन. तो एकटा येणार नाही, गॅलरी घेऊन येईल.

घसा पार बसलेली,
तुझी ताई