मिनिटभराची स्तब्धता

दि. ६ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवसभर स्क्रीनकडे पाहून डोळे शिणतात, म्हणून हा कागद. मी बरी आहे. वेळेवर जेवते, झोपते. ह्यांना जाऊन तीन महिने होतील. भेटायला येणारे मी रडेन म्हणून वाट बघत बसतात आणि मी त्यांना चहा विचारते. खरं सांगू, काहीच वाटत नाही रे. पाय अवघडून बधिर होतो, तशी अख्खी मी.

आता कामाचं. शेवाळावरच्या संशोधनाची आमची परिषद यंदा ऑनलाइन आहे आणि ती चालवायची मी. जड जात असेल तर दुसऱ्या कुणाला देतो, असं विभागप्रमुख म्हणाले. मी नको म्हटलं. माझी चष्मेवाली विद्यार्थिनी पहिल्यांदाच निबंध वाचणार आहे आणि बाहेरच्या प्रयोगशाळांतले लोक ऐकायला असणार. सगळा गोंधळ झाला तर नुकसान तिचं. तू तिकडे प्राध्यापकांना ऑनलाइन सभा चालवायलाच शिकवतोस ना? मलाही शिकव.

लोभ आहे हे तुला ठाऊक आहेच.
ताई

दि. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शेवाळबाईंनी मला काहीतरी विचारलं! पत्र चौकट करून भिंतीवर लावतो आहे.

आदल्या दिवशी प्रत्येक वक्त्याची तालीम घे. आवाज, चित्रं, सगळं तपास. लेखी प्रश्न वाचायला दुसरं कुणीतरी बसव. सभा चालवणं आणि प्रश्न वाचणं दोन्ही तूच करायला गेलीस तर धड एकही होणार नाही. तासाभरानं सुटी दे. आणि काही प्रश्न आहेत का, असं हवेत विचारू नकोस. सगळे मख्खासारखे बसतात. नाव घेऊन विचार, मग गप्प राहा. हे शेवटचं तुला जमणं कठीण आहे.

तुला इकडे घेऊन यावं, असं ही म्हणते. ताई यायची नाही, असं मी तिला सांगितलं. भावोजी असते तर त्यांनीच तुला आणून सोडलं असतं आणि वर माझ्या पोटावर दोन विनोद केले असते. तू रडलीस का, हे विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारलंच बघ.

राग न धरता माया करावी.
ढब्बू

दि. २ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

परिषद पार पडली. चष्मेवाली सुरुवातीला अडखळली, पण तालमीचा उपयोग झाला. मी नाव घेऊन विचारलं आणि खरोखर गप्प बसले. मग प्रश्नांमागून प्रश्न आले. एका प्रयोगशाळेनं तिला उन्हाळ्यात बोलावलं आहे.

एक गोष्ट मात्र घडली. आरंभीच एका वयस्क प्राध्यापकांनी मला न विचारता ह्यांचं नाव घेतलं आणि मिनिटभर स्तब्ध उभं राहू या म्हणाले. सगळे आपापल्या चौकटीत उठले. उभे राहिल्यावर चेहरे वर गेले. मला नुसती पोटं आणि शर्टांची बटणं दिसत होती.

त्यातल्या एका गृहस्थांचा माइक चालू राहिला होता. आतून त्यांच्या बायकोनं, अहो, गोळी घेतलीत का, असं विचारलं. श्रद्धांजली चाललेली, ते बोलणार कसे? तिनं पुन्हा हाक मारली, अहो, ऐकताय का? मग आवाज घाबरला. अहो, कुठे आहात, ओ का देत नाही?

कुणाचाही आवाज बंद करायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. मी ते दाबलं नाही. मिनिट संपेपर्यंत ती हाका मारत होती आणि मी ऐकत होते. मग धन्यवाद म्हणून पहिल्या वक्त्याला बोलावलं. माझा आवाज स्थिर होता म्हणे. बधिर पाय जागा होताना मुंग्या येतात ना, तसं मात्र आत झालं, ते मला बरं वाटलं.

त्या गृहस्थांची आज मेल आली. अक्षम्य चूक झाली, बायको शरमेनं दोन दिवस नीट जेवली नाही, वगैरे. मी एवढंच कळवलं, की वहिनींना सांगा, आवाज स्पष्ट येत होता.

लोभ असावा, आणि तो अधूनमधून मोठ्यानं कळवावा.
ताई