बाईंची भट्टी

रविवार, १७ मार्च १९९६. बारामती.

पंख्यासमोर बसले की गार वाटते. त्याच पंख्यासमोर तापमापी टांगली तर पारा जागचा हलत नाही. हे प्रत्येकाने कधीतरी पाहिलेले असते आणि पाहून सोडून दिलेले असते. कारण फार सुंदर आहे. पंखा हवा गार करीत नाही, फक्त हलवतो. आपल्याला घाम येतो, हलती हवा तो सुकवते, सुकणारे पाणी अंगातली उष्णता घेऊन जाते. तापमापीला घाम येत नाही.

माझ्या भिंतीतल्या कपाटालाही येत नाही. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून आणलेला वीतभर पंखा आज आत लावून पाहिला. आधी ३६ अंश, तासाभराने ३७. वाढलेला अंश पंख्याच्या मोटारीचा. तीच गरम हवा नुसती ढवळली गेली.

कपाटात ट्यूबच्या उजेडावर वाढवलेली आफ्रिकन व्हायोलेटची सात फुलझाडे. सातही जगली पाहिजेत. सातांनाही मेच्या पहिल्या आठवड्यात फुले हवीत.

मंगळवार, १९ मार्च.

गावडेसर आज शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांदेखत: "काय बाई, भट्टी पेटली का औंदा?" चहाचे कप थांबले, लोक हसले. जीवशास्त्राचे शिक्षक. मी भौतिकशास्त्राची. दोघांची टेबले समोरासमोर, म्हणजे दिवसातून चार वेळा तो चेहरा.

गेल्या मे महिन्यात दहा दिवस प्रशिक्षणासाठी पुण्याला होते. माझे वडील, आबा, कन्हेरीला त्यांच्या भावाकडे. घराची किल्ली विश्वासाने या माणसाकडे दिली. परत आले तर बत्तीसच्या बत्तीस कुंड्यांत काळी, मऊ, उकडलेली भाजी. कपाटाच्या दाराच्या वरच्या आणि खालच्या फटींत ओल्या गोणपाटाच्या पट्ट्या ठासून भरलेल्या. दिवे चालू. हा माणूस शाळेत सांगत सुटला, "बाईंच्या कपाटात फुलं न्हाईत, मेथी शिजलीय."

पट्ट्या जपून ठेवल्या आहेत. पुरावा.

वाचले ते एक पान. स्वयंपाकघरात माठाशेजारी पेल्यात ठेवलेले. त्याच्या देठाला सात पिल्ले फुटली.

रविवार, २४ मार्च.

हिशेब उष्णतेचा. कपाट चार फूट रुंद, सहा फूट उंच, दीड फूट खोल. चार ट्यूबलाइट, प्रत्येकी ४० वॅट. पण ट्यूबला चोक लागतो आणि चोक स्वतःही दहा-बारा वॅट खातो. त्याचा प्रकाश शून्य, सगळी उष्णता. आज चोकवर बोट ठेवले, क्षणभरही ठेवता आले नाही. म्हणजे मी बागेत चार छोट्या इस्त्र्या लावून ठेवल्या होत्या.

चारही चोक कपाटाबाहेर, भिंतीवर लाकडी फळीवर घेतले. वायरमन म्हणाला, असे कोणी करत नाही. म्हटले, म्हणूनच करा.

पारा ३ अंशांनी उतरला. एवढ्याशा स्थलांतराने! दिवसभर कोणाला तरी सांगावेसे वाटत होते. आबांना सांगितले. ते म्हणाले, "मग आता भिंत तापंल." बरोबर आहे. भिंतीला तापू दे.

बुधवार, ३ एप्रिल.

खाली एक भोक, वर एक भोक. गरम हवा हलकी, ती वर चढते. वरून बाहेर पडली की तिची जागा भरायला खालून नवी येते. पंखा आता वरच्या भोकात, तोंड बाहेर. ढवळणे बंद, उपसणे सुरू.

पण खालून येणारी हवा खोलीतलीच, ३४ अंशांची. म्हणून खालच्या भोकासमोर वाळ्याची ओली जुडी टांगली. आपल्याकडची हवा कोरडी, पाणी भराभर सुकते, सुकताना हवेतली उष्णता घेते. कोकणात हे जमणार नाही. आपली कोरडी हवा हा शाप आहे असे शाळेच्या अंकात छापून आणणाऱ्या गावडेसरांनी ("कोरड्या मुलखात असल्या फुलांचा नाद सोडावा") हे वाचावे.

आत दुपारी तीनला ३० अंश. वाळ्याचा वास.

मंगळवार, ९ एप्रिल.

इंदापूरच्या बागप्रेमींचे उन्हाळी प्रदर्शन, रविवार, ५ मे. परीक्षक कोण, तर गावडेसर. मुख्याध्यापिकांनी सूचनाफलकावर अभिनंदन लावले.

नाव आजच पाठवले. वर्ग: घरातील फुलझाडे.

फुले त्यांच्या पुढ्यात ठेवायची. मग कपाट कसे तापले त्याचा आलेख दाखवायचा. मग पट्ट्या. आवाज चढवायचा नाही. वर्गात शिकवते तसे शिकवायचे, पायरीपायरीने, शेवटच्या बाकावरच्यालाही कळेल असे.

रविवार, १४ एप्रिल.

आबा आज पहिल्यांदा कपाटासमोर पाट घेऊन बसले. तरुणपणी मेंढरांमागे चाळीस-चाळीस कोस चाललेला माणूस. बराच वेळ पाहून म्हणाले, "सुमे, गच्च बसवलीस. उन्हाळ्यात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालत्यात न् सगळीच गुदमरत्यात. हाकून लांब लांब करावी लागत्यात."

कुंड्या हाताहाताच्या अंतरावर केल्या. पाने पानांना लागू नयेत. मध्ये हवा वाहिली पाहिजे. हे पुस्तकात होते. मी वाचले होते. केले नव्हते.

मग त्यांनी कनवटीच्या डबीतून लोकरीचा पुंजका काढला, एक धागा सुटा केला, खालच्या भोकाशी धरला. धागा आत वळला. वरच्या भोकाशी धरला, बाहेर उडाला. "घेतंय श्वास," म्हणाले. माझे सगळे सिद्धान्त त्या एका धाग्याने दोन सेकंदांत तपासले.

गुरुवार, १८ एप्रिल.

दुपारी दोन तास वीज गेली. पंखा बंद, पण दिवेही बंद. पारा फक्त एका अंशाने चढला! म्हणजे शत्रू बाहेरचे ऊन नव्हे, आतला दिवा.

यातून निघालेला निष्कर्ष इतका सरळ आहे की स्वतःचा राग आला. झाडाला दिवस कधी हवा हे झाड ठरवत नाही, मी ठरवते. आजपासून दिवे संध्याकाळी सात ते सकाळी सात. हवा गार असताना त्यांचा दिवस. बाहेर आग असताना त्यांची रात्र. दिवे विझलेले असताना कपाट बंद ठेवले तरी चालते.

गेल्या वर्षी दिवे सकाळी सहा ते संध्याकाळी सहा होते.

पाचव्या रोपाला कळी. टाचणीच्या डोक्याएवढी.

रविवार, २१ एप्रिल.

आज फिर्यादीचा मुख्य प्रयोग. रोपे माठाशेजारी हलवली. चोक पुन्हा आत. पंखा काढला. भोके फळीने बंद. गेल्या वर्षीच्या फटी, गेल्या वर्षीच्या पट्ट्या, ओल्या करून, तशाच ठासल्या. सकाळी सहाला दिवे लावले. दर अर्ध्या तासाला नोंद.

दुपारी दोनला ४७ अंश. दार उघडले तेव्हा भातावरचे झाकण काढल्यासारखी वाफ आली. ओल्या पट्ट्यांनी गारवा दिलाच नाही, फक्त ओल दिली. हवा वाहत नसेल तर पाणी सुकत नाही. सुकत नसेल तर थंडही करीत नाही.

आलेखकागदावर रेघ काढली. तांबड्या शाईने. एवढी देखणी रेघ मी आयुष्यात काढली नसेल. खाली सुवाच्य अक्षरांत लिहिले: "श्री. गावडे यांनी फटी बंद केल्याचा परिणाम."

आबांना दाखवले. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"फटी कुनी बंद करायला सांगितल्या व्हत्या?"

कोणीच नाही, म्हटले.

"तू चिठ्ठी डकवली व्हतीस की दाराला. मी कन्हेरीला निघालो तवा बघितली. वाचता न्हाय येत मला, पर चिठ्ठी व्हती."

पाणी कधी घालायचे ते लिहिले असेल. जेवले नाही.

मंगळवार, २३ एप्रिल.

चिठ्ठी आठवत नाही. म्हणजे चिठ्ठी आठवते. तीतले शब्द आठवत नाहीत. पुण्याची गाडी चुकेल म्हणून घाई होती.

इथे प्रत्येक घरात एप्रिल लागला की दहाच्या आत दारे-खिडक्या बंद होतात. झळ आत येऊ द्यायची नाही. गोणपाट भिजवायचे, फटीत सारायचे. आई करायची, तिची आई करायची. खोलीसाठी ते अगदी बरोबर आहे. खोलीत चार ट्यूब जळत नसतात.

हे लिहून ठेवले इतकेच. याचा अर्थ काही नाही. जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला दार उघडून आत हात घालून पाहता येत नव्हते का? आणि मेथी? मेथीची चिठ्ठी मी डकवली नव्हती.

बुधवार, १ मे.

निकाल वाटले. गावडेसर दारात: "रविवारी इंदापूरला येताय म्हणं. फुलं का भाजी?" म्हटले, परीक्षकांनी आल्यावर ठरवावे. पुन्हा हसले. हसू दे. चार दिवस राहिले.

सातपैकी सहा फुलली. जांभळी, मधोमध पिवळा ठिपका. सातव्याचा गाभा कुजला. पाणी गाभ्यात सांडले, चूक माझी. आबा म्हणाले, "सा बी लई झाली."

सोमवार, ६ मे.

काल इंदापूर.

पहाटेची एसटी. सहा कुंड्या भाजीच्या क्रेटमध्ये, भोवती ओली चादर, वरून उघडे. कंडक्टरने विचारले, कोंबड्या काय बाई? फुले पाहिल्यावर स्वतः उठून खिडकीजवळची जागा करून दिली. मी सावलीकडची मागितली.

मंडपात पत्रे, वर ऊन. दहा वाजताच लोक कुंड्यांभोवती जमले. पणदऱ्याच्या एका बागायतदाराने तर पान चिमटीत धरून पाहिले, प्लास्टिकचे आहे का म्हणून. आलेख पिशवीत गुंडाळलेला, पट्ट्या खाली, डब्यात.

गावडेसर आले. वहीत काही लिहिले नाही. खाली वाकून एकेक कुंडी पाहिली, चष्मा काढून. मी आलेखाला हात घातला.

तेवढ्यात त्यांनी खिशातले पाकीट काढले आणि घडीचा कागद माझ्या हातावर ठेवला. कडा झिजलेल्या.

"अक्षर तुमचंच हाय न्हवं, बाई?"

माझेच. शाईसुद्धा माझीच. १) दिवे सकाळी ६ ते संध्या. ६. बंद करू नयेत. २) दुपारची झळ आत जाऊ देऊ नये. फटी ओल्या गोणपाटाने बंद कराव्यात. ३) मध्ये दार उघडू नये. तीनखाली रेघ दोनदा ओढलेली.

लोक उभे होते, पण कागद कोणाला दिसत नव्हता. ते हळू बोलले. "वर्ष झालं, कुनाला दावला न्हाय. दावला असता तर लोकं म्हनली असती, फिजिक्सच्या बाईला एवढं कळंना. त्यापरीस भट्टी बरी. भट्टीला नुसतं हसत्यात."

म्हटले, मला तरी दाखवायचा.

"तुमी माझ्याशी बोलत व्हता का?"

मग वहीत काहीतरी लिहून पुढच्या टेबलाकडे गेले. पहिला क्रमांक. कार्ड त्यांच्याच हस्ताक्षरात.

आलेख पिशवीतून काढलाच नाही. परतीच्या गाडीत गुंडाळी मांडीवर होती, चिठ्ठी पिशवीत.

मंगळवार, ७ मे.

क्षमा वगैरे काही नाही. वर्षभर माझ्याकडे बघून हसलेला माणूस अचानक उपकारकर्ता कसा होतो? भट्टी म्हणून त्याने मला झाकले म्हणे. ते झाकण मी मागितले नव्हते. आणि तो म्हणतो ते सगळे खरे असेल, तर मी वर्षभर कोणाचा सूड उगवत होते याचे उत्तर त्या कागदावर माझ्या अक्षरांत आहे, हे मला अधिकच सहन होत नाही.

आलेखाखालचे नाव खोडायचे का? खोडून कोणाचे लिहायचे ते माहीत आहे. पेन उघडले, बंद केले. शाळा जूनमध्ये उघडेल तेव्हा तो फलकावर लावायचा की नाही, तेही ठरलेले नाही.

प्रदर्शनात अकरा जणांनी पत्ता घेतला. कपाट कसे करायचे ते लिहून पाठवा म्हणाले. चोक बाहेर, भोके दोन, दिवस रात्री, हे सगळे लिहीन. पण आधी हे. लोकर सगळ्यांकडे नसते, उदबत्ती असते:

कपाटातले दिवे लावा, दार बंद करून तासभर थांबा. घरातले पंखे बंद करा. पेटती उदबत्ती खालच्या फटीच्या बाहेर वीतभर अंतरावर धरा. हात हलवू नका. धूर आत वळला तर कपाट श्वास घेते आहे. सरळ वर गेला तर आत भट्टी आहे, मग बंद कोणी केले हा प्रश्न नंतरचा.

लिहून झाल्यावर रोपे माठाशेजारी हलवून गेल्या वर्षीची मांडणी पुन्हा केली. फटी बंद, चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे, चिठ्ठी समोर ठेवून. आबा पाटावर. उदबत्ती धरली.

काडी अर्धी होईपर्यंत धूर सरळ उभा होता.