कप्तान कर्कोटक व इतर जंगम मालमत्ता

मी, सौ. रागिणी शेखर मेहरे, वय चौसष्ट वर्षे, व्यवसाय अल्पबचत एजंट, राहणार साईनगर, अमरावती, आज रविवार दि. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. साखर थोडी वाढलेली आहे, पण तिचा बुद्धीशी संबंध नाही. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. मुलगा शुभम याने पुण्याहून फोनवर तीन वेळा सूचना केल्या. त्या मी ऐकून घेतल्या आणि बाजूला ठेवल्या. हे माझे पहिलेच मृत्युपत्र असल्यामुळे आधीचे रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

१. घराबाबत. साईनगरातील बाराशे चौरस फुटांच्या प्लॉटवरील राहते घर माझ्या नावावर आहे. माझ्या पश्चात माझे पती श्री. शेखर यांनी त्यात हयातभर राहावे. त्यांना तिथून कोणी हलवू नये, "बाबा, आमच्याकडे चला" असे गोड बोलूनसुद्धा नाही. त्यांच्यानंतर घर शुभम आणि मुलगी गीतांजली यांचे निम्मे निम्मे. छतावरची पाण्याची टाकी गळते, तीही निम्मी निम्मी.

२. पोस्टातील मुदत ठेवी, बचत खाते आणि बँकेतील रक्कम यांचे तपशील निळ्या फाईलमध्ये आहेत. प्रत्येक ठिकाणी नॉमिनी लावलेला आहे. एकतीस वर्षे मी इतवारा बाजारातल्या भाजीवाल्या, फुलवाल्या बायांच्या मागे "नॉमिनी लावा, नॉमिनी लावा" म्हणत फिरले आहे. माझ्याच फाईलमध्ये तो कोरा निघाला असता तर वर जाऊनही मला तोंड दाखवता आले नसते. या सर्व रकमेचे तीन समान हिस्से करावेत: पती, मुलगा, मुलगी.

३. आता मुख्य मालमत्ता. माझ्याकडे चार लोखंडी पेट्यांमध्ये एकूण एक हजार एकशे सेहेचाळीस कॉमिक्स आहेत. मराठी, हिंदी, थोडी इंग्रजी. ही पोरखेळाची वस्तू आहे असे ज्यांचे मत आहे त्यांची नावे मला पाठ आहेत.

हा नाद मला अकोटला लागला. माझे वडील पुंजाराम बाजारात भाजीचे दुकान लावत. मिरच्या-कोथिंबिरीच्या पुड्यांसाठी ते किलोने रद्दी आणायचे आणि ती फाडून चौकोन करायचे काम माझ्याकडे असायचे. रद्दीत चित्रांची पुस्तके निघत. ती मी फाडत नसे, पोत्याखाली सरकवत असे. वडिलांना कळत होते. एकदा एक गिऱ्हाईक कागदासाठी खोळंबले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "रागिणी, वाचून झालं असन तं दे वो, मिरच्या थांबून राहिल्या."

४. कप्तान कर्कोटक या हिंदी मालिकेचे एकशे बारा अंक सलग माझ्याकडे आहेत. मालिका कधीच बंद पडली. हे अंक मी कसे घेतले याबद्दल घरात निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या जातात. खरी एकच आहे, आणि ती माझ्या बाजूची नाही. म्हणून ती मीच लिहिते.

जुलै २०११ मध्ये गीतांजलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फीचे बावीस हजार रुपये कपाटात तयार होते, शेवटची तारीख सोमवार, अकरा जुलै. तीन तारखेला, रविवारी, मी नात्यातल्या साखरपुड्यासाठी धामणगाव रेल्वे या गावी गेले. पैसे पर्समध्ये घेऊन गेले, कारण घर बंद राहणार होते. निदान तेव्हा मी स्वतःला असे सांगितले. तिथे जानराव नावाच्या गृहस्थांनी आपले भाड्याने पुस्तके देण्याचे दुकान बंद करायला काढले आहे, हे मला आधीपासून ठाऊक होते.

जानरावांनी कर्कोटकाचे गठ्ठे माझ्यापुढे मांडले. सलग. एकाचेही पान फाटलेले नाही. वर दोनशे इतर अंक फुकट. भाव बावीस हजार. मी मनात हिशेब केला. माझी स्वतःची आरडी सात तारखेला पिकते आहे, एकवीस हजार आठशे सदुसष्ट येतात. चार दिवसांत पैसे कपाटात परत. कोणाला पत्ताही लागायचा नाही. साखरपुड्याचे जेवण मी केले की नाही, हे आता आठवत नाही.

सात तारखेला पोस्टात गेले. काउंटरवरच्या बाईंनी पासबुक माझ्याकडे वळवून बोट ठेवले. "मॅडम, सात ऑगस्ट हाय. जुलै नाही."

चारशे खातेदारांच्या तारखा माझ्या डोक्यात होत्या. चुकली ती फक्त माझी.

मुदतीआधी मोडता आली असती. पण व्याज बुडाले असते, आणि मेहरेबाईंनी स्वतःचीच आरडी मोडली ही बातमी काउंटरवरून बाजारात पोचायला दहा मिनिटेही लागली नसती. मी तशीच बाजारात आले आणि पार्बताबाईंच्या मेथीच्या ढिगाशेजारी पालथ्या टोपलीवर बसले.

पार्बताबाई या माझ्या खातेदार नव्हत्या. पंधरा वर्षे मी त्यांना आरडी उघडा म्हणत होते आणि पंधरा वर्षे त्या मला एकच उत्तर देत होत्या: "मले तुमच्या कागदाचा भरोसा नाही. माहा पैसा माह्याजवळ." त्यांनी मला पाणी दिले आणि माझ्या तोंडाकडे पाहिले.

"काहून वो रागिणीबाई, कोणी गेलं का?"

मी सगळे सांगून टाकले. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, मेथीवालीला. त्यांनी मधे एकदाच विचारले, "पुस्तकं? चित्राचे?" मी मान हलवली. मग त्या इतक्या हसल्या की शेजारच्या वांगेवालीने उठून पाहिले.

संध्याकाळी त्या घरून हळदीचा डबा घेऊन आल्या. डब्यात बावीस हजार होते आणि नोटा पिवळ्या होत्या. पैसे हातात देण्याआधी, गेली पंधरा वर्षे मी त्यांना दिलेले भाषण त्यांनी मला शब्दाला शब्द ऐकवले: पैसा असा उडवायचा नसतो, लेकराच्या शिक्षणाला हात लावायचा नसतो, थोडं थोडं बाजूला टाकायचं असतं. भाजीवाल्यांच्या अख्ख्या ओळीने ऐकले.

"रोज शंभर रुपये. इथं येऊन द्याचे. दोनशे वीस दिवस," त्या म्हणाल्या.

"आणि व्याज?"

"व्याज नाही पायजे. मले वाचता येत नाही. त्या पुस्तकात काय हाय थे रोज सांगा. येवढे पैसे गेले, तं समजू तं द्या का काय हाय त्याच्यात."

फी वेळेवर भरली गेली. दुसऱ्या दिवसापासून माझा हप्ता सुरू झाला. सकाळी मी इतर बायांकडून पैसे गोळा करायची आणि ओळीच्या शेवटी पार्बताबाई माझ्याकडून गोळा करायच्या. शंभराची नोट आणि कर्कोटकाचा अर्धा अंक. पहिल्या आठवड्यात ऐकणारी एक होती, महिन्याभरात अकरा झाल्या. "आज भाव नंतर सांगतो" म्हणून गिऱ्हाइकांना थांबवून ठेवलेले मी पाहिले आहे.

सात ऑगस्टला आरडी पिकली. तो रविवार होता, म्हणून पैसे आठला हातात आले. उरलेले सगळे पैसे मी एकदम घेऊन गेले. पार्बताबाईंनी हातसुद्धा लावला नाही.

"वायदा दोनशे वीस दिवसाचा हाय. थो कर्कोटक काल विहिरीत लटकून राहिला, आन तुमी हिशेब मिटवून राहिल्या?"

फेब्रुवारी २०१२ मध्ये दोनशे विसावा हप्ता दिला. एकशे दहा अंक झाले होते. मी पर्स बंद केली आणि उठले.

"आन पुढं?"

"वायदा संपला, पार्बताबाई. दोन अंक राहिले आहेत. ते फक्त खातेदारांसाठी."

त्यांनी मला जी शिवी दिली ती मृत्युपत्रात लिहिता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्या पोस्टाच्या पायरीवर बसलेल्या होत्या. महिना दोनशेची आरडी, पाच वर्षे. एकतीस वर्षांत मी हजारेक खाती उघडली. त्यांतले हे एक मी फसवून उघडले, आणि त्याचा मला अभिमान आहे.

५. म्हणून पार्बताबाईंना, त्या हयात असल्यास, कर्कोटकाचा अंक क्रमांक सोळा द्यावा. मुखपृष्ठावर विहिरीचे चित्र आहे. त्याने मालिका तुटेल आणि किंमत उतरेल असे शुभम म्हणेल. उतरू द्यावी.

६. पती शेखर यांच्याबद्दल. हे प्रकरण त्यांना बाजारातूनच कळले. त्यांनी विचारले, "मले काहून नाही सांगितलं?" अकरा दिवस ते पाणीसुद्धा स्वतः उठून घेत. बाराव्या दिवशी ते सायकलला प्लॅस्टिकचा मोठा गुंडाळा बांधून आले आणि तो माझ्यापुढे टाकला. "घेतलेच हायेत तं सडवू नको." मग दोघांनी रात्रीपर्यंत बसून पेट्यांना आतून प्लॅस्टिक लावले. त्यांनी आजवर एकही कॉमिक वाचलेले नाही. त्यांना एकही देऊ नये. माझे लोखंडी कपाट आणि रेडिओ द्यावा.

७. त्या वर्षापासून मी जे नियम पाळले ते वारसांसाठी लिहून ठेवते. कमिशनच्या शंभरातले दहा रुपये कॉमिक्सचे, उरले तर पुढच्या महिन्यात, संपले तर संपले. तीन महिन्यांचा घरखर्च वेगळ्या पासबुकात, त्याला हात नाही. अंक पाहिले त्या दिवशी काहीच घ्यायचे नाही. घरी यायचे, चहा घ्यायचा, आठ दिवस थांबायचे. या शेवटच्या नियमापायी अकोल्यातला एक सुंदर गठ्ठा माझ्या हातून गेला. तो दुसऱ्याच कोणी नेला. त्या माणसाचे भले होवो, असे मी अजून मनापासून म्हणू शकलेले नाही.

८. सूनबाई मंजुषा हिला माझ्या चार तोळ्यांच्या पाटल्या द्याव्यात. तिने २०१९ च्या दिवाळीच्या साफसफाईत माझे तीन अंक रद्दीत घातले. वजन साडेचारशे ग्रॅम, तेव्हाचा भाव बारा रुपये किलो. पाटल्या देताना तिच्याकडून पाच रुपये चाळीस पैसे वसूल करावेत व पावती द्यावी. नंतर तिने स्वतः रद्दीवाल्यांच्या तीन दुकानांतून फिरून त्यांतला एक परत मिळवला, ही नोंदही इथे करते. पावतीवर "प्रेमाने" असे लिहावे.

९. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका संग्राहकाने कर्कोटकाच्या संपूर्ण मालिकेला तीन लाख साठ हजार देऊ केले. शुभम म्हणाला, "आई, विकून टाक, एवढा परतावा तुझ्या पोस्टानेही दिला नसता." हे खरे आहे आणि म्हणूनच धोक्याचे आहे. मी ती गुंतवणूक म्हणून घेतली नव्हती, हौस म्हणून घेतली होती. चुकीच्या पैशाने घेतलेली वस्तू महाग झाली म्हणजे चूक बरोबर होत नाही. हे मी चारशे खातेदारांना सांगू शकत नाही, मुलाला सांगते.

१०. संपूर्ण संग्रह, वर दिलेला एक अंक सोडून, मुलगी गीतांजली हिला द्यावा. ती आज अकोल्याला परिचारिका आहे. फीची गोष्ट तिला लग्नानंतर कळली. तेव्हा ती हसली नाही. "आई, तू मला एकदा तरी विचारायचं होतं," एवढेच म्हणाली. बरोबर म्हणाली. संग्रह ठेवावा, विकावा, दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना वाचायला ठेवावा. तिला कोणाला विचारण्याची गरज नाही.

११. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शुभमने करावी. त्याला हिशेब येतो आणि कॉमिक्स आवडत नाहीत. असा माणूस आमच्या घरात दुसरा मिळणार नाही.

१२. वरील मजकूर लिहून झाल्यावर साक्षीदारांना बोलावले. शेजारचे श्री. खुशालराव गणोरकर, निवृत्त तहसील कारकून, यांनी तीन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले आणि "वहिनी, मृत्युपत्रात असं लिहीत नसतात" असे दोनदा म्हटले. दुसऱ्या साक्षीदार डॉ. करिश्मा तायडे यांनी माझे मन ठिकाणावर आहे का हे तपासण्यासाठी वार, तारीख आणि घराचा पत्ता विचारला. तेवढ्यात अकोटहून फोन आला. तिथे एका घरी नव्वद जुने अंक निघाले आहेत, आणि उद्या सकाळच्या बसने मी जात आहे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले.

"काकू, पर्समध्ये किती आहेत?"

मी पर्स उघडून दाखवली. या महिन्याचे साठलेले दोन हजार तीनशे, आणि बसचे वेगळे.

"आणि त्यांनी पाच मागितले तर?"

"तर चहा पिऊन परत."

डॉक्टर सही करायला तयार झाल्या. तरीही, कलम सातमधला आठ दिवसांचा नियम असूनही, कलम तीनमधील आकडा उद्या रात्रीपर्यंत चुकीचा ठरण्याची दाट शक्यता आहे. जे काही वाढेल ते गीतांजलीचे. दुरुस्तीसाठी खुशालरावांना पुन्हा बोलावू नये.

लिहून देणार : रागिणी शेखर मेहरे (सही)

आमच्या डोळ्यांदेखत लिहून देणारीने सही केली व तिच्यासमोर आम्ही केली :

साक्षीदार १ : खुशालराव गणोरकर (सही). मजकुराच्या भाषेशी सहमत नाही.

साक्षीदार २ : डॉ. करिश्मा तायडे (सही). लिहून देणारीची मनःस्थिती उत्तम.

स्थळ : अमरावती
दिनांक : २३ नोव्हेंबर २०२५