साखळीवरच्या मुंग्या

सांगली

ती. गोमटेशदाजींना अजितकुमारचा सविनय जय जिनेंद्र.

आपली प्रकृती स्वस्थ असावी आणि आक्काताईचे उपवास समाधानात पार पडत असावेत. (फोन करता आला असता, परंतु माझे वाक्य क्रियापदापर्यंत पोहोचण्याआधीच आपण हसता. म्हणून लेखी कळवतो. नात ब्राह्मी या कागदाचा फोटो आपणांस पाठवील.)

उद्या सकाळी पारण्याचा पहिला घोट भावाच्याच हातून घेईन, असे आक्काताईने म्हटले आहे. त्यासाठी मी मोटारसायकलवरून फलटणला येईन, असे मी म्हटले आहे. आणि निघण्यापूर्वी गाडीच्या साखळीला दुकानातला वंगणाचा कुठलाही फवारा मारून मोकळे व्हा, असे आपण म्हटले आहे. माझा वाद केवळ या तिसऱ्या विधानाशी होता. जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला 'कुठलाही' हा शब्द मान्य होत नाही. वंगणात प्राण्यांची चरबी असू शकते. ती नाही, हे दुकानदाराला सिद्ध करता येईना. आणि जे सिद्ध नाही, ते व्रतस्थ बहिणीच्या दारात न्यावे कसे? गॅरेजवाल्या जयराजला मी हे सारे क्रमाने समजावले. तो पाना खाली ठेवून म्हणाला, "आवं सर, साखळीला तेल घालायचंय, जेवाय न्हाई वाढायचं. का तिला बी उपास हाय?" (प्रश्न म्हणजे खंडन नव्हे. मी निघून आलो.)

ज्याच्या शुद्धतेविषयी संशय नाही असे एकच तेल घरात होते, घाण्यावरचे शेंगतेल. काल सायंकाळी दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने ते मी कडीकडीला लावले. आज सकाळी पाहतो तो मागच्या चाकापासून इंजिनापर्यंत मुंग्यांची अखंड रांग! आता चाक फिरवावे, तर जी हिंसा टाळण्यासाठी हे तेल निवडले तीच घडणार, आणि तीही निःसंशय. झाडावे, तर त्यांचे पाय मोडणार. म्हणून चाकापासून भिंतीपर्यंत साखरेची रेघ ओढली. साखळीवरच्या मुंग्या साखरेमागे खाली उतरतील, हे माझे अनुमान. प्रत्यक्षात भिंतीतल्या मुंग्या साखरेमागे साखळीवर चढल्या. शेजारचे आप्पासो कुंपणावरून पाहत होते. म्हणाले, "लय झाल्या की सर! आता गाडीच त्यांच्या नावावर करून टाका." सूनबाई दीपालीने तेलाचा डबा हलवून पाहिला आणि "मामंजी, फोडणीला काही ठेवलंय का?" एवढेच विचारले.

तत्त्वात माझी हार झालेली नाही, हे आपण ध्यानात घ्यावे. गाडी जागची हलवता येत नाही, इतकेच.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
अजितकुमार

ता. क. : दुपारच्या एसटीने निघतो आहे. माझ्या वादापायी आक्काताईचा उपवास घटकाभरही लांबता कामा नये. स्टँडवर मला न्यायला आपण आपली मोटारसायकल घेऊन यावे.

आणखी एक. आपल्या साखळीला कोणते वंगण आहे, हे मी विचारणार नाही. आपणही, कृपा करून, घर येईपर्यंत सांगू नये.