चकली महामंडळ, शॉमबर्ग

शनिवार, १० सप्टेंबर २००५

लायब्ररीचं पुस्तक तिसऱ्यांदा रिन्यू करून आज संपवलं. निर्णय पक्का. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात व्याख्यान द्यायचं. विषय: फॅसिस्ट इटलीची महामंडळी अर्थव्यवस्था. मला इतिहासाची पदवी नाही. बरंच आहे. पदवीवाल्यांचं वाचन पदवीपाशी थांबतं.

‘कॉर्पोरेशन’ला महामंडळ हाच शब्द ठेवला. इथे कॉर्पोरेशन म्हटलं की लोकांना कंपनी वाटते, आणि पुण्याच्या माणसाला नळाचं पाणी. इटलीत अर्थ निराळा होता. एका धंद्यातले मालक आणि कामगार एकाच टेबलाशी बसणार, आणि टेबल सरकारचं.

रवींद्रला फोन केला. मंडळाचा अध्यक्ष. वय छत्तीस, मला काका म्हणतो. मी बावन्नचा. म्हणाला, काका, दिवाळीत मुसोलिनी? तेच ना, गाड्या वेळेवर धावायच्या ते? म्हटलं, गाड्यांची गोष्ट फारशी खरी नाही, आणि माझा विषय तो नाही. पंचेचाळीस मिनिटं लागतील.

मग त्यानेच तोडगा काढला. गेल्या दिवाळीला फराळ घरोघरी वाटून दिला होता, तर अकरा घरांतून चिवडा आला आणि चकली एकाही घरातून नाही. यंदा फराळाचं तुम्ही बघा, फराळ नीट झाला तर चाळीस मिनिटं तुमची. मंजूर केलं. पंचवीस वर्षांच्या वाचनाला प्रथमच श्रोते मिळणार. दिवस: ५ नोव्हेंबर.

सोमवार, १२ सप्टेंबर. सकाळ

दाढी करताना लख्ख दिसलं. फराळाचा प्रश्न आणि इटलीचा प्रश्न एकच आहे! ज्याला जे वाटेल ते करू दिलं की अकरा घरांतून चिवडा येतो. सगळं वरून एकाच स्वयंपाकघरात करायचं तर तो रशिया. मधला मार्ग महामंडळांचा. म्हणजे व्याख्यानाचा पूर्वार्ध मी बोलणार आणि उत्तरार्ध लोकांच्या ताटात असेल. असा प्रयोग जगात झालेला नसावा.

अर्थात मुसोलिनीचं मला कौतुक नाही. मारहाण, तुरुंग, खून, सगळं वाचलंय. मी फक्त रचना घेतोय. विष ओतून टाकायचं आणि बाटली वापरायची.

बायकोला, रत्नाला, हे सांगितलं. म्हणाली, बाटली धुऊन घ्या म्हणजे झालं.

शनिवार, १७ सप्टेंबर

आमच्या बेसमेंटमध्ये बैठक. उपस्थिती उत्तम (रत्नाने बटाटेवडे केले होते, पण तो मुद्दा नाही). इटलीत बावीस महामंडळं होती. ती १९३४ला झाली, १९२७ला नव्हे. सत्तावीसला नुसती कामगारांची सनद निघाली. हे सर्वांना सांगितलं. शॉमबर्गला तीन पुरतील. चकली महामंडळ संध्याकडे. नागपूरची आहे, डेटाबेसवर काम करते, चुणचुणीत. लाडू महामंडळ श्रीरंगकडे. पीएच.डी. आहे, तरी ऐकतो. करंजी महामंडळ रत्नाकडे. चिवडा बेमुदत बंद.

संध्याने विचारलं, काका, एखाद्या घराला नाहीच जमलं तर? म्हटलं, इटलीत एप्रिल १९२६पासून संपाला बंदी होती. तशीच टाळेबंदीलाही. दोन्ही बाजूंना सारखा न्याय. ती म्हणाली, आणि भांडण झालं तर निकाल कोण देणार? म्हटलं, सरकार. श्रीरंग म्हणाला, सरकार म्हणजे? म्हटलं, तूर्त मी.

सगळे वड्यांकडे वळले. सर्वानुमते मंजूर.

शनिवार, २४ सप्टेंबर

चकलीचं प्रमाण ठरवलं. व्यास साठ मिलिमीटर, वेढे साडेतीन, काटे स्पष्ट. मी व्हॉल्व्हच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. माप म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. ड्रॉइंग काढून सर्वांना ईमेल केलं. निधीने स्कॅन करून दिलं, पण वर म्हणाली, बाबा, इट्स जस्ट अ स्नॅक. अकरावीत आहे. तिला सांगितलं, बेशिस्त देशात त्याला स्नॅक म्हणतात.

उत्तर एकाचंही नाही. ड्रॉइंग इतकं स्पष्ट आहे की शंकेला जागा नसावी.

रविवार, २ ऑक्टोबर

स्वावलंबनाचा ठराव पाठवला. बाहेरून विकत आणलेला एकही जिन्नस ताटात येणार नाही. भारतीय बाजारात, डेव्हन ॲव्हेन्यूवर, कितीही मिठाईची दुकानं असोत. इटलीने निर्बंधांच्या काळात दुधापासून लोकर केली. दुधापासून! आपल्याला भाजणीपासून चकली करता येऊ नये?

रत्ना म्हणाली, ती लोकर टिकली का हो? पुस्तकात बघून सांगतो म्हटलं. (ओली झाली की बळ जायचं तिचं. हे व्याख्यानात नको.)

शनिवार, ८ ऑक्टोबर

संध्याचा फोन. तिच्याकडच्या पाच घरांपैकी दोन घरांच्या चकल्या तेलात विरघळल्या. तिसऱ्या घरी तळताना स्मोक अलार्म वाजला आणि वरच्या मजल्यावरचा गोरा म्हातारा पायजम्यात बाहेर आला. म्हणाली, काका, रोज साडेसहाला घरी पोचतो, मग पोरांचा होमवर्क, कमी करता येईल का? मी तिला गव्हाच्या लढाईबद्दल सांगितलं. १९२५ला इटलीने गव्हाची आयात तोडायचं ठरवलं, तेव्हा त्यांनाही अडचणी आल्याच. वीसेक मिनिटं बोललो. शेवटी म्हणाली, ठीक आहे काका, होईल.

ही शिस्त. जरा समजावून सांगितलं की माणसं तयार होतात. यापुढे दर दोन दिवसांनी प्रगतीचा अहवाल मागवला आहे.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

अहवाल येताहेत. सगळे उत्तम. चकली उत्तम, लाडू उत्तम. एकही तक्रार नाही. आठवड्यापूर्वी चकली विरघळत होती आणि आज हे. रवींद्रला फोन करून सांगितलं. म्हणाला, ग्रेट, काका. मागे कोणीतरी खिदळत होतं. टीव्ही असावा.

शनिवार, १५ ऑक्टोबर

पूजेचं सामान आणायला डेव्हनला गेलो. पार्किंगसाठी चार चकरा. मिठाईच्या दुकानातून संध्या दोन मोठी खोकी घेऊन येताना दिसली. मला बघून थबकली. म्हणाली, पॅकिंगसाठी रिकामी खोकी मागून आणली, काका. काय काटकसर! उचलायला मदत केली. रिकाम्या खोक्यांच्या मानाने जड. पुठ्ठा चांगला असावा.

कोपऱ्यावर श्रीरंगही भेटला. त्याची बायको गाडीतून उतरलीच नाही, मांडीवरच्या कशावर तरी ओढणी टाकून बसली होती. तो म्हणाला, मार्केट स्टडी करतोय, काका. त्यांचा लाडू बघितल्याशिवाय आपला कसा सुधारणार? पीएच.डी.चा इतका उपयोग प्रथमच दिसला.

शनिवार, २२ ऑक्टोबर

नमुना तपासणी. आजचा दिवस लक्षात राहील.

पाच घरांतून चकल्या आल्या. व्हर्निअर लावून एकेक मोजली. प्रत्येकीचा व्यास चौऱ्याहत्तर मिलिमीटर! प्रमाण साठचं होतं, त्यामुळे क्षणभर निराशा झाली. पण नंतर लक्षात आलं, सगळ्याच चौऱ्याहत्तर. वेढे सारखे, रंग सारखा, तिखटसुद्धा सारखं. नागपूरची संध्या, सोलापूरचे ते नवे, कोकणातली जोशी मंडळी, आणि चकली एक! प्रमाण बदलून चौऱ्याहत्तर केलं.

बावीस वर्षांच्या नोकरीत पाच कारखान्यांचा माल इतका सारखा बघितलेला नाही. रत्ना भाजी चिरत होती, तिला हाक मारून दाखवलं. म्हटलं, हे कसं घडलं असेल, सांग. म्हणाली, एकाच मशीनमधून निघाल्या तर होतं असं. अगदी बरोबर! समाजाचंच एक मशीन झालंय. हे वाक्य व्याख्यानात घातलं. तिचं नाव न घेता.

रविवार, २३ ऑक्टोबर

व्याख्यानाचा शेवट लिहून झाला. रत्नाला वाचून दाखवला. माझ्या मते सर्वांत जमलेला परिच्छेद. इथे उतरवून ठेवतो:

‘ही व्यवस्था कागदावर भव्य होती. प्रत्यक्षात बडे कारखानदार पूर्वीसारखंच आपलं चालवत होते. कामगारांचे प्रतिनिधी कामगारांनी निवडलेलेच नव्हते. महामंडळं आधीच ठरलेल्या गोष्टींना मान डोलवायला भरत. वर जाणारा प्रत्येक अहवाल वरच्याला आवडेल असा लिहिलेला असे. ज्याला कोणी नाही म्हणू शकत नाही, त्याला कोणी खरंही सांगत नाही.’

रत्ना एकच ताटली बराच वेळ पुसत होती. म्हणाली, अहो, हा भाग गाळा. का? तर म्हणे, उगाच कोणाला तरी लागेल. म्हटलं, सगळी इटालियन माणसं आहेत, वारलेली. कोणाला लागणार? तिने ताटली फडताळात ठेवली. तिला इतिहासाची गोडी नाही.

परिच्छेद ठेवला.

शनिवार, २९ ऑक्टोबर

रवींद्रचा फोन. चाळीसची पंचवीस मिनिटं झाली. फॅशन शोमध्ये चार जोडपी वाढली. निषेध नोंदवला. म्हणाला, काका, तुमचं ऐकायला लोक आतुर आहेत, थोडक्यात गोडी. पाया आणि उभारणी कापावी लागेल. बँका बुडाल्या तेव्हा सरकारने त्यांचे शेअर घेऊन १९३३ला जी संस्था काढली, तीही जाणार. म्हणजे अर्धा जीवच जाणार. झोप नाही. अंगणातली पानं दोनदा गोळा केली.

मंगळवार, १ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन

कामावरून आलो तर करंजी महामंडळाचं काम पूर्ण. डबे भरलेले. ओटा लख्ख, घरात तुपाचा वासही नाही. मार्चमध्ये बसवलेला एक्झॉस्ट फॅन मीच निवडला होता. करंज्या सुरेख. मुरड दरवेळेपेक्षा जास्त रेखीव.

निधी एक करंजी तोंडात घालून म्हणाली, मॉम, यू आर सो गुड ॲट धिस. आणि दोघी हसत सुटल्या. दिवाळीला घर हसतं असावं.

शनिवार, ५ नोव्हेंबर. सकाळ

तयार. राखाडी कोट. टिपणं क्रमाने लावली. क्रम पुन्हा दोनदा तपासला.

तोच दिवस. संध्याकाळ, घरी आल्यावर

क्रमाने लिहितो. शाळेचा हॉल भरला होता. फराळाची टेबलं देखणी. चकल्यांच्या रांगा बघून ऊर भरून आला. माझ्या आधी रवींद्रने आभार मानले. म्हणाला, यंदाचा संपूर्ण फराळ सवलतीत देणाऱ्या डेव्हनच्या आपल्या मिठाईवाल्या शेठना मी स्टेजवर बोलावतो.

मला वाटलं, चुकून दुसऱ्याच मंडळाचा कागद वाचतोय.

शेठ आले. शाल, श्रीफळ, टाळ्या. माइक घेऊन हिंदीत बोलले. म्हणाले, शॉमबर्गचे लोक फार प्रेमळ. एकामागून एक येत होते, सगळे तेच घेत होते, आणि प्रत्येक जण जाताना सांगायचा, काका को मत बताना. हम समझ गए, सरप्राइज पार्टी है. मग हॉलकडे बघत म्हणाले, तो काका कौन हैं? हॅपी बर्थडे, काका!

मागच्या रांगेतल्या मुलांनी हॅपी बर्थडेचं गाणं सुरू केलं. काही मोठीही त्यात होती. मी उठून नमस्कार केला. दुसरं काय करणार.

मग माझं नाव पुकारलं. दहा मिनिटं, काका, जेवण थांबलंय, असं रवींद्र कानात म्हणाला. दहा मिनिटांत इटली बसत नाही. म्हणून जमलेला परिच्छेदच तेवढा वाचायचं ठरवलं. ‘वर जाणारा प्रत्येक अहवाल’ इथपर्यंत आलो आणि हॉल गप्प झाला. इतकं शांत मंडळ मी कधी पाहिलं नव्हतं. ‘ज्याला कोणी नाही म्हणू शकत नाही’ म्हणताना माझाच आवाज अडकला. माइक खराब असावा. संध्या खाली बघत होती. श्रीरंग बुटाची लेस बांधत होता, बांधलेली. टाळ्या वाजल्या नाहीत. पुढचं पान होतं, पण उलटलं नाही.

नंतर संध्या कोपऱ्यात आली. डोळे भरलेले. काका, सॉरी, खरंच जमत नव्हतं, आणि तुम्हाला सांगायची हिंमत होईना. तुम्हाला कधीपासून माहीत होतं?

सुरुवातीपासून, म्हणालो.

रवींद्र म्हणाला, काका, मला वाटलं तुम्हाला माहीतच असेल. सगळ्यांनाच माहीत होतं.

चकली खाल्ली. चांगली होती.

रविवार, ६ नोव्हेंबर. सकाळ

निश्चय:
महामंडळं विसर्जित.
साठ मिलिमीटरचं ड्रॉइंग निर्दोष होतं. ते जपून ठेवायचं.
पुढच्या वर्षी चिवडा.

व्याख्यान पडलं असं म्हणता येणार नाही. उलट एवढं एकाग्र होऊन कोणी कोणाला ऐकत नाही. फक्त लोक इटलीबद्दल ऐकत नव्हते.

रत्नाला विचारलं, करंज्याही तिथल्याच? हो म्हणाली. तू तरी सांगायचंस. म्हणाली, सांगत होते की. बाटली धुऊन घ्या म्हटलं, एकाच मशीनमधल्या म्हटलं, तो भाग गाळा म्हटलं. आणखी कसं सांगायचं असतं हो? आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

खिडकीतून अंगण दिसत होतं. पुन्हा पानं पडलीयेत.

मग विचारलं, व्याख्यान कसं झालं?

छान झालं, म्हणाली. पटकन म्हणाली. मी तिच्याकडे बघत राहिलो. तिने पेपर खाली ठेवला, चष्मा काढला, आणि म्हणाली, खरं सांगू?

म्हटलं, आधी चहा घेऊ.

घेऊन झाला. दुसरा कप मागितला आहे.