नाताळच्या पुरवणीतील छायाचित्र

चि. धाकटीस आशीर्वाद.

नाताळच्या पुरवणीत सरत्या वर्षाचा आढावा आला आहे. तुझ्या आईस आता अंधुक दिसते, म्हणून मी तो मोठ्याने वाचत होतो. निवडणुका झाल्या, महापूर झाला, आणि 'वर्षातील सर्वोत्तम नाटक' या मथळ्याखाली तुझे छायाचित्र पाहून मी अडखळलो. आई म्हणाली, "पोरगी तुमचीच आहे. वाचा की पुढे."

नाटकात गेलीस तर हे घर विसर, असे मीच तुला बजावले होते. तरीही गेल्या आठवड्यात तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसलो. पांढरी मिशी लावून तू म्हातारा बाप झाली होतीस. निघून गेलेल्या मुलीची खोली बंद करताना तुझा हात कडीवर तसाच राहिला. तू गेलीस त्या दिवशी माझाही हात तसाच राहिला होता. हे तुझ्या आईसही ठाऊक नाही. तुला कसे कळले?

एक चूक मात्र झाली. वर्तमानपत्राची घडी तू आधी आडवी घातलीस; मी आधी उभी घालतो, मग आडवी. घरी येऊन एकदा नीट पाहून जावेस.

पत्र टाकले का, असे आई रोज विचारते. शाई वाळते आहे, असे मी सांगतो.

तुझे,
वडील